पाठ एकच ठेवा, पण प्रत्येक पोराला जमेल असा घ्या

तिसरी-चौथीच्या वर्गात काही पोरं धडाधड वाचतात, काही अजून जोडाक्षरावर अडतात, हे तर सगळ्याच शिक्षकांना माहितीये. माझं ठाम मत आहे की मागे पडणाऱ्याला वेगळा सोपा धडा देऊन कोपऱ्यात बसवू नका, धडा तोच ठेवा, फक्त त्याच्या हातात काय देताय आणि त्याच्याकडून उत्तर कसं घेताय ते बदला.

सुरुवात फळ्यापासून करा. अडखळणारं मूल फळ्यावरून एकेक अक्षर बघून उतरवतं, मधेच ओळ हरवते, भ चा म होतो, घ चा ध होतो आणि तास संपला तरी प्रश्नच लिहून होत नाहीत, मग उत्तर येत असूनही वही कोरीच राहते. त्याला प्रश्न मोठ्या अक्षरात कागदावर लिहून द्या आणि उत्तर तोंडी घ्या. जुन्या लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्याला एका ओळीएवढी खिडकी कापून ती धड्यावर सरकवत वाचायला लावा, डोळे भरकटत नाहीत. आणि प्लीज, अचानक उभं करून मोठ्याने वाचायला सांगू नका, कुठल्या दोन ओळी वाचायच्या ते आदल्या दिवशीच सांगून ठेवा, घरून तयारी करून येतं पोर.

गणितात पंचवीस ऐकलं की पाच आधी कानावर पडतो म्हणून काही पोरं 52 लिहितात, तो निष्काळजीपणा नाहीये. 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात वीस पाच असं वाचन आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला, पण अशा मुलांसाठी मला ते पटतं. दोन्ही म्हणून घ्या, सोबत काड्यांचे दहा-दहाचे दोन गठ्ठे आणि पाच सुट्ट्या काड्या समोर ठेवा.

ऐकायला कमी येणारं मूल असेल तर फळ्याकडे तोंड करून बोलू नका, ओठ दिसले पाहिजेत.

एवढं करूनही काही महिने फरक दिसला नाही तर पालकांशी शांतपणे बोला, मंद वगैरे शब्द चुकूनही नको, आणि गटसाधन केंद्रातल्या (तालुक्याच्या शाळांना मदत करणारं सरकारी केंद्र) विशेष शिक्षकांना गाठा. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांमध्ये अध्ययन अक्षमता, म्हणजे वाचायला, लिहायला किंवा गणित करायला सतत येणारी अडचण, हीसुद्धा आहे. त्याचं प्रमाणपत्र असेल तर दहावीला जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात, पण त्यासाठी दहावीच्या तोंडावर धावपळ करण्यापेक्षा तपासणी आधीच करून घ्यायला सांगा.