विभाजक-विभाज्यचा खेळ फसतो कुठे? या चुका टाळा

विभाजक-विभाज्य खेळातून शिकवा असं सगळेच सांगतात, पण खेळ संपल्यावर वहीत 36 चे विभाजक लिहायला सांगा, अर्धी पोरं 2, 3, 4, 6 लिहून मोकळी. खेळाचा दोष नाही हो, खेळवताना आपणच माती खातो.

खेळ साधा आहे. 1 ते 30 आकडे मांडायचे, एका गटाने एक आकडा घ्यायचा, तेवढे गुण त्याचे, समोरच्यांनी त्या आकड्याचे उरलेले विभाजक उचलायचे, त्यांची बेरीज त्यांची, मग पाळी बदलायची. ज्याचा एकही विभाजक शिल्लक नाही असा आकडा घेतला की पाळी फुकट. आपल्या कोकणात पावसात मैदान विसरा, पडवीत खडूने आखलं तरी ओल्या पायांनी तासाभरात पुसलं जातं. जुन्या कॅलेंडरचं जूनचं पान घ्या, 30 आकडे आयते छापलेले! एका गटाला काजूबिया, दुसऱ्याला चिंचोके, घेतलेल्या आकड्यावर ठेवत जायचं.

आता सगळ्यात मोठी चूक. एका गटाने 24 घेतला, समोरच्यांनी 2, 4, 6, 12 उचलले आणि खूश होऊन बसले. इथे बाई असोत की गुरुजी, राहवत नाही, "अरे 8 राहिला ना!" असं बोलून जातात. गप्प बसा. सुटलेले विभाजक 24 घेणारा गट शोधेल आणि शोधले तर त्याचेच, असा नियम ठेवा. 1, 3, 8 गेले म्हणजे 12 गुण गेले, ते पोरांना बरोबर झोंबतं आणि मग पुढच्या डावात तीच पोरं जोड्या लावून शोधायला लागतात, 1-24, 2-12, 3-8, 4-6. नसतील लागत तर बियांच्या सारख्या रांगा मांडायला द्या, 12 बिया 3 रांगांत 4-4 बसतात, 13 घेतल्या की एकाच लांब रांगेशिवाय पर्याय नाही.

मूळ संख्येची व्याख्या आधीच सांगून टाकणं ही दुसरी चूक. हावरा गट पहिल्या झटक्यात 30 घेतो आणि समोरच्यांना 42 गुण देऊन बसतो, घेऊ दे. कधीतरी कोणीतरी 29 घेईल, समोर फक्त 1 जाईल, मग वर्गात जो गोंधळ होईल त्यानंतर व्याख्या सांगा.

या खेळाची एक खोड मात्र लक्षात ठेवा, 24 हा आकडा घेणाऱ्याकडे जातो त्यामुळे 24 स्वतःचाही विभाजक आहे हे पोरांच्या डोक्यातून निसटतं. प्रत्येक पाळीनंतर पूर्ण यादी फळ्यावर लिहून घ्या.

आणि यात विभाज्य जवळपास येतच नाहीत! त्यासाठी दुसऱ्या दिवशी 1 ते 100 ची साखळी खेळा, पुढचा आकडा आधीच्याचा विभाजक किंवा विभाज्य हवा, आकडा परत वापरायचा नाही, अडकला तो हरला. पहिला आकडा सम असलाच पाहिजे हा नियम विसरू नका, नाहीतर एखादं चलाख पोर 97 म्हणेल, समोरच्याला 1 म्हणावंच लागेल, मग हा 89 म्हणेल आणि डाव खल्लास.