क्लिप मागितली, पण कोणती?

ठाण्याहून नेरुळची लोकल पकडून ओटी (ऑपरेशन थिएटर) टेक्निशियनच्या पहिल्या नोकरीला जायला लागले, त्याच्या दुसऱ्याच आठवड्यात फिस्टुलाची केस लागली. डायलिसिसच्या पेशंटच्या मनगटाजवळ धमनीला शीर जोडायची. १९६६ पासून चालत आलेलं ऑपरेशन. सर्जन सरांनी न बघता हात पुढे केला, ‘क्लिप.’ मी ऐटीत क्लिप मारायचा अ‍ॅप्लायर ठेवला. तो परत आला. ‘ही शीर बंद करते गं. मला उघडी ठेवायचीय.’

पित्ताशयाच्या ऑपरेशनात रोज दिसते ती क्लिप रक्तवाहिनी चिमटून बंद करते. जोडायची क्लिप वेगळी: टायटॅनियमची, इवलीशी, कमानदार पायांची. दोन्ही कडा बाहेरून धरते, भिंतीला आरपार भोक पाडत नाही. प्रोलीनची, म्हणजे टाक्याच्या धाग्याची, सुई प्रत्येक टाक्याला आतल्या अस्तरातून जाते. रक्त अडवून धरणारा क्लॅम्प काढला की त्या भोकांतून थोडं रक्त झिरपतं आणि आत धागा राहतो तो वेगळाच. शिवाय सलग टाका जास्त ओढला गेला तर पिशवीच्या नाडीसारखा तोंड आवळतो. क्लिपा सुट्या असतात, त्यामुळे जोड फुगायला मोकळा राहतो. फिस्टुलात डायलिसिसची सुई टोचता यावी म्हणून शीर फुगायलाच तर हवी!

पण ‘क्लिप म्हणजे स्टेपलर, खटाखट मारा’ असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. आधी प्रोलीनचे आधाराचे टाके पडतातच. मग असिस्टंट बारीक फोर्सेपने (चिमट्याने) दोन्ही कडा एकसारख्या बाहेर वळवून धरतो आणि सर्जन काटकोनात क्लिप मारतो. खरं कसब त्या धरण्यात आहे. एक कड आत राहिली की क्लिप फक्त दुसरीलाच पकडते आणि तिथून गळती सुरू. मग रिमूव्हरने काढा, पुन्हा धरा. म्हणून रिमूव्हर ट्रॉलीवर आधीच हवा. मी एकदा तो कपाटात शोधत होते आणि आत सगळे माझी वाट बघत होते.

मधुमेहाच्या, जुन्या किडनीविकाराच्या पेशंटची धमनी कधी कॅल्शियम साचून पापडासारखी कडक झालेली असते. कड वळतच नाही. तिथे क्लिपचा हट्ट धरत नाहीत, ६-० किंवा ७-० नंबरचं बारीक प्रोलीन घेतात. पाकीट हाताशी ठेवा.

त्यामुळे टाका घालणं आधी शिका, सर्जन व्हायचं असो वा नसो. रक्तवाहिन्या जोडण्याची तंत्रं फ्रेंच सर्जन अलेक्सिस कॅरेल यांनी १९०२ मध्ये मांडली, १९१२ चं नोबेल त्यांना मिळालं. तीन टाक्यांनी गोल तोंडाचा त्रिकोण करायची त्यांची युक्ती आजही शिकवतात. आमच्या इथले रेसिडेंट (शिकाऊ डॉक्टर) कोंबडीच्या तंगडीतल्या धमनीवर सराव करायचे. कोपरखैरण्याच्या चिकनवाल्याला ‘कापू नका, अख्खी द्या’ एवढं सांगायचं. मी शेजारी बसून फोर्सेप धरायचे, तिथे कडा वळवायला शिकले. आई म्हणायची, रस्सा कर आता त्याचा.

एक कंटाळवाणं पण महत्त्वाचं काम: क्लिप कोणती, किती लागल्या, हे ओटी नोटमध्ये जातंय ना ते बघा. टायटॅनियम चुंबकाला खेचलं जात नाही, तरी एमआरआयवाले विचारतातच, आणि तेव्हा पेशंटच्या हातात फक्त डिस्चार्ज कार्ड असतं.

सरांनी ‘क्लिप’ म्हटलं की मी आजही आधी विचारते, ‘जोडायची ना?’