हाडाच्या पेशी हार्मोनला दाद देतायत का, हे बघायचं कसं

डिशमधल्या हाडाच्या पेशींवर पीटीएच (पॅराथायरॉइड हार्मोन) टाकलं, काही झालं नाही, म्हणजे हार्मोन खराब असं लगेच ठरवू नका. बरेचदा हार्मोन ठीकच असतो, पेशी चुकीच्या निवडलेल्या असतात नाहीतर बघायची वेळ चुकलेली असते.

तर आधी सेल लाइन, म्हणजे लॅबमध्ये वाढत राहणाऱ्या एकाच जातीच्या पेशी. पीटीएचसाठी रॅटची यूएमआर-१०६ किंवा माणसाची साओस-२ घ्या, दोन्ही चांगली दाद देतात. एमजी-६३ जिकडेतिकडे असते म्हणून लोक तीच उचलतात, पण पीटीएचला ती जवळपास ढिम्म, व्हिटॅमिन डीला मात्र मस्त चालते. माऊसची एमसी३टी३-ई१ घेणार असाल तर घाई नको, तिला ५० मायक्रोग्रॅम प्रति मिली अ‍ॅस्कॉर्बिक अ‍ॅसिड आणि १० मिलीमोलर बीटा-ग्लिसरोफॉस्फेट देऊन आठवडाभर तरी पिकू द्या, कारण पेशी डिफरन्शिएट होतात, म्हणजे पक्क्या हाडाच्या पेशी बनतात, तसा पीटीएचचा रिसेप्टर (हार्मोन पकडणारं प्रोटीन) वाढतो, कच्च्या पेशींवर तो कमीच असतो. आणि हो, सबक्लोन (त्याच लाइनची उपशाखा) बघून घ्या, ४ नंबरचा मिनरल धरतो, सगळे धरत नाहीत.

पेशी वाढवायला मीडियममध्ये घालतात त्या सिरममध्ये स्वतःचेच हार्मोन असतात हे विसरायचं नाही. इस्ट्रोजेन बघायचं असेल तर चारकोल-स्ट्रिप्ड (कोळशाने हार्मोन काढून टाकलेलं) सिरम आणि फिनॉल रेड नसलेलं मीडियम हवंच, कारण तो लाल रंगच थोडाफार इस्ट्रोजेनसारखा वागतो.

पीटीएच १-३४ (हार्मोनचा पहिल्या ३४ अमिनो अ‍ॅसिडचा तुकडा) सौम्य अ‍ॅसिटिक अ‍ॅसिडमध्ये विरघळवा, छोटे अ‍ॅलिकॉट (वाटे) करून उणे ८० ला ठेवा, एकदा काढलेलं परत गोठवू नका. पातळ करताना ०.१ टक्के बीएसए (गाईच्या सिरममधलं अल्ब्युमिन प्रोटीन) घाला, नाहीतर पेप्टाइड प्लास्टिकलाच चिकटून बसतं आणि तुम्हाला वाटतं १० नॅनोमोलर दिलं. व्हिटॅमिन डी इथेनॉलमध्ये, उजेडापासून लांब, आणि कंट्रोलच्या वेललाही तेवढंच इथेनॉल.

आता खरी टेस्ट. पीटीएचचं पहिलं उत्तर म्हणजे सायक्लिक एएमपी, पेशीच्या आत निरोप पोचवणारा रेणू, आणि ते काही मिनिटांत वर जातं, दुसऱ्या दिवशी मोजायला गेलात तर हाती काही लागणार नाही. आधी १०-१५ मिनिटं आयबीएमएक्स द्या म्हणजे बनलेलं सायक्लिक एएमपी तुटत नाही, मग १० नॅनोमोलर पीटीएच, ५ ते १० मिनिटं, लगेच अ‍ॅसिडने थांबवा आणि एलायझा किट लावा. एका वेलमध्ये फोर्सकोलिन ठेवाच, ते रिसेप्टरला वळसा घालून सायक्लिक एएमपी बनवणारं एन्झाइम थेट चालू करतं. फोर्सकोलिनने वाढलं पण पीटीएचने नाही, तर रिसेप्टर नाहीये किंवा पेप्टाइड मेलंय, मग तीच ट्यूब यूएमआर-१०६ वर टाकून बघा, तिथे चाललं तर दोष तुमच्या पेशींचा.

पीटीएचने आरएएनकेएलचा (हाड खाणाऱ्या पेशी तयार करायला लावणारं प्रोटीन) आरएनए वाढलेला बघायला काही तास लागतात, व्हिटॅमिन डीचा परिणाम बघायला एक-दोन दिवस. इथे एक खड्डा आहे: ऑस्टिओकॅल्सिन (हाडाच्या पेशी बनवतात ते प्रोटीन) माणसाच्या पेशीत व्हिटॅमिन डीने वाढतं, माऊसमध्ये उलट दबतं, त्यामुळे माऊसच्या प्लेटवर कमी आलं म्हणून प्रयोग फसला असं समजून प्लेट फेकू नका. अल्कलाइन फॉस्फटेज (हाडाच्या पेशींमधलं एन्झाइम) मोजलंत तर ४०५ नॅनोमीटरचं रीडिंग प्रोटीनने भागा, नाहीतर जास्त पेशी असलेली वेल जिंकते. साठलेलं मिनरल लाल रंगवणाऱ्या अलिझारिन रेडसाठी साधारण ३ आठवडे धरा.

पीटीएचची सगळ्यात गमतीची गोष्ट म्हणजे सतत दिलं तर पेशींचं डिफरन्शिएशन दबतं, थांबून थांबून दिलं तर वाढू शकतं. टेरिपॅराटाइड म्हणजे हेच १-३४, ऑस्टिओपोरोसिसमध्ये रोज एकदा टोचतात आणि हाड वाढतं, ते याच थांबून देण्यामुळे. डिशमध्ये हे करायचं तर ४८ तासांच्या सायकलमध्ये पहिले ६ तास पीटीएच, मग धुऊन साधं मीडियम, असं पुन्हा पुन्हा. फक्त कंट्रोल आणि सतत-पीटीएचवाल्या प्लेटचंही मीडियम त्याच वेळी बदला, तेवढ्याच वेळा धुवा, नाहीतर दिसलेला फरक हार्मोनचा की ताज्या मीडियमचा हे कळायचं नाही.