अमेरिकेत क्रेडिट फ्रीझ केलं, माझा अनुभव

आम्ही न्यू जर्सीत राहतो. मध्यंतरी एका बँकेचं पत्र आलं की तुमचा क्रेडिट कार्डचा अर्ज मिळाला, आणि मी तर अर्ज केलाच नव्हता, म्हणजे माझा सोशल सिक्युरिटी नंबर (इथला सरकारी ओळख क्रमांक) कोणाच्या तरी हाती लागलेला. फोन करून अर्ज रद्द करायला लावला आणि लगेच क्रेडिट फ्रीझ केलं, म्हणजे आपला क्रेडिट रिपोर्ट (कर्ज-कार्डांच्या व्यवहारांची नोंद) कुलूपबंद केला, म्हणजे कोणाला आपल्या नावावर नवं कार्ड किंवा कर्ज सहज काढता येत नाही. हे इक्विफॅक्स, एक्स्पीरियन, ट्रान्सयुनियन या तिन्ही क्रेडिट ब्युरोंकडे (असे रिपोर्ट ठेवणाऱ्या कंपन्या) वेगवेगळं करावं लागतं, एकाला सांगितलं की बाकीच्यांना आपोआप कळतं ते फ्रॉड अलर्टचं (कर्ज देण्याआधी ओळख नीट तपासा अशी रिपोर्टवरची सूचना), फ्रीझचं नाही. सप्टेंबर 2018 पासून कायद्यानेच फुकट आहे त्यामुळे कोणी पैसे मागितले तर देऊच नका. जुनी कार्डं चालू राहतात, स्कोअर पण कमी होत नाही. नंतर कार लोन घेताना डीलरला आधीच विचारलं कुठल्या ब्युरोचा रिपोर्ट काढणार, आणि तेवढाच काही दिवसांसाठी उघडला, ऑनलाइन केलं तर तासाभरात उघडून द्यावाच लागतो त्यांना. मुलांचं पण करा प्लीज, 16 वर्षांखालच्यांचं आईवडिलांना करता येतं, फक्त जन्मदाखला वगैरे कागदपत्रं पाठवावी लागतात.