संरक्षण आदेश पुन्हा पुन्हा मोडला जात असेल तर काय करावे

न्यायदंडाधिकाऱ्यांनी संरक्षण आदेश, म्हणजे महिलेला त्रास देण्यास मनाई करणारा आदेश, दिल्यानंतरही प्रतिवादी (ज्याच्याविरुद्ध आदेश आहे तो, बहुधा पती) घराच्या फाटकापाशी येऊन उभा राहतो, नव्या नंबरवरून फोन करतो, मुलांच्या शाळेबाहेर थांबतो, आणि एकदा कारवाई होऊनही महिनाभराने पुन्हा तेच करतो. अशा वेळी महिला आणि तिचे माहेरचे लोक एकच प्रश्न विचारतात: वारंवार आदेश मोडणाऱ्याला अधिक कडक शिक्षा आहे की नाही? या लेखात त्याचे उत्तर आणि गोव्यात प्रत्यक्ष करावयाची कार्यवाही दिली आहे.

आधी कायदा काय म्हणतो ते पाहू. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, 2005 हा केंद्रीय कायदा 26 ऑक्टोबर 2006 पासून अमलात आला आणि तो गोव्यालाही लागू आहे. त्याच्या कलम 31 प्रमाणे संरक्षण आदेशाचा किंवा अंतरिम संरक्षण आदेशाचा भंग करणाऱ्यास एक वर्षापर्यंत कैद, वीस हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. कलम 32 ने हा गुन्हा दखलपात्र (पोलिसांनी स्वतः नोंदवून तपास करण्याजोगा) आणि अजामीनपात्र (जामीन हक्काने मिळत नाही, तो देणे न्यायालयाच्या हाती असते असा) ठरवला आहे, आणि केवळ पीडित महिलेच्या साक्षीवरून गुन्हा सिद्ध झाल्याचा निष्कर्ष काढण्याची मुभाही न्यायालयाला दिली आहे. मात्र दुसऱ्या किंवा तिसऱ्या भंगासाठी या कायद्यात वाढीव शिक्षेची पायरी नाही. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात अशा आदेशांच्या भंगासाठी आधी दोनदा दोषी ठरलेल्या व्यक्तीचा पुढचा भंग थेट गंभीर वर्गातील गुन्हा ठरतो. आपल्याकडे पहिल्या भंगाची आणि पाचव्या भंगाची कमाल शिक्षा एकच आहे, आणि वीस हजारांची मर्यादाही 2005 पासून तीच आहे. या कलमात सुधारणा व्हायला हवी, असे माझे स्पष्ट मत आहे.

तरीही पुनरावृत्तीला कायद्यात वजन नाही असे नव्हे. अटक करायची की नुसती नोटीस द्यायची, जामीन द्यावा की नाकारावा, कोणत्या अटी घालाव्यात, खटला कोणत्या पद्धतीने चालवावा आणि शिक्षा किती द्यावी, या प्रत्येक टप्प्यावर आधीचे भंग विचारात घेतले जातात. त्यासाठी ते कागदावर असावे लागतात. तोंडी सांगितलेले दहा प्रसंग आणि लेखी नोंदवलेले दोन प्रसंग यांत न्यायालय लेखी नोंदींनाच किंमत देते. म्हणून प्रत्येक भंगाची स्वतंत्र तक्रार करावी. "आता झाले ते झाले, पुढच्या वेळी बघू" असे म्हणून एकही प्रसंग सोडू नये.

सुरुवात आदेश नीट वाचण्यापासून करावी. गोव्यातील न्यायालयांचे आदेश बहुतेक वेळा इंग्रजीत असतात, तेव्हा वकिलाकडून किंवा विधी सेवा प्राधिकरणाच्या स्वयंसेवकाकडून त्यातील प्रत्येक मनाई मराठीत अथवा कोंकणीत समजावून घ्यावी. कलम 18 खाली हिंसा करण्यास मनाई असतेच, शिवाय महिलेच्या कामाच्या ठिकाणी किंवा मुलांच्या शाळेत जाणे, प्रत्यक्ष, लेखी, दूरध्वनीवरून किंवा इलेक्ट्रॉनिक मार्गाने संपर्क साधणे, स्त्रीधन किंवा संयुक्त बँक लॉकर परस्पर हाताळणे, आणि तिला मदत करणाऱ्या नातेवाइकांना त्रास देणे यांनाही मनाई करता येते. त्यामुळे बोटीवर किंवा आखातात नोकरीला असलेल्या पतीने तिथून पाठवलेला व्हॉट्सअॅप संदेशसुद्धा, संपर्कबंदी असेल तर, भंगच ठरतो.

इथे एक बारकावा लक्षात ठेवावा. कायद्याने संरक्षण आदेशाची व्याख्या कलम 18 पुरती केलेली आहे. निवासाचा आदेश कलम 19 खाली आणि खर्चाचा आदेश कलम 20 खाली येतो, आणि त्यांचा भंग कलम 31 मध्ये बसत नाही असा युक्तिवाद प्रतिवादीचा वकील हमखास करतो. म्हणून घरात पाऊल न टाकण्याची मनाई कलम 18 च्या आदेशातही लिहून घ्यावी. पोटगीच्या थकबाकीसाठी वेगळा वसुली अर्ज करावा लागतो. वॉरंट काढूनही रक्कम मिळाली नाही तर थकलेल्या प्रत्येक महिन्यामागे एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते.

आदेशाची प्रत दोन्ही पक्षांना आणि संबंधित पोलीस स्थानकाला विनामूल्य मिळावी अशी तरतूद कलम 24 मध्ये आहे. तरीही एक प्रत स्वतः पोलीस स्थानकात देऊन तिच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्यावी. आदेश एकतर्फी असेल तर तो प्रतिवादीला बजावल्याचा पुरावा जपून ठेवावा, कारण "मला आदेशाची कल्पनाच नव्हती" हा बचाव सर्वात सोपा असतो.

भंग झाला की त्याच दिवशी तक्रार लिहावी. नमुना असा: "माझे पती यांना संरक्षण आदेशाने माझ्या राहत्या घरात येण्यास व माझ्याशी संपर्क साधण्यास मनाई आहे. चवथीच्या आदल्या संध्याकाळी सुमारे सात वाजता ते माटोळीचे सामान देण्याच्या निमित्ताने घराच्या अंगणात आले. मी दार उघडले नाही. त्यांनी दारावर लाथ मारली व 'गणपती माझ्या बापाच्या घरात आहे, मला कोण अडवतो' असे ओरडले. शेजारणीने हे पाहिले व ऐकले." तारीख, वेळ, जागा, तोंडचे शब्द, साक्षीदार आणि आदेशातील कोणती मनाई मोडली, एवढे त्यात यावे. जुन्या भांडणांचा इतिहास इथे लिहू नये. तो मूळ अर्जात आलेला असतो आणि तक्रारीचा रोख बिघडवतो.

चवथीचे उदाहरण मुद्दाम घेतले आहे. वडिलोपार्जित घरातला गणपती, देवळातली जत्रा, घरातले लग्न अशा वेळी "एका दिवसापुरते येऊ दे" असा दबाव वाड्यावरून आणि नात्यातून येतो. असा अपवाद न्यायालयाकडून मागून घ्यायचा असतो, दिराच्या किंवा पंचाच्या शब्दावर द्यायचा नसतो. या कायद्याखालील 2006 च्या नियमांतील नियम 15 प्रमाणे प्रतिवादीने, किंवा त्याच्या वतीने वागणाऱ्या दुसऱ्या कोणीही, आदेशाच्या अंमलबजावणीला केलेला विरोध हा भंग मानला जातो. दिराला पुढे करून सुटता येत नाही. घर कोणाच्या नावावर आहे, फॉर्म एक-चौदावर (जमिनीच्या सरकारी नोंदीवर) कोणाचे नाव आहे, किंवा वाटणीसाठी इन्व्हेंटरीचा दावा चालू आहे, हीसुद्धा आदेश मोडण्याची सबब होऊ शकत नाही. गोव्याच्या नागरी संहितेप्रमाणे पतीपत्नीच्या मालमत्तेतील निम्म्या हिश्श्याचा प्रश्न दिवाणी न्यायालयात स्वतंत्रपणे सुटेल. तोपर्यंत आदेश पाळावाच लागतो.

तक्रार कुठे द्यावी याचे तीन मार्ग नियम 15 मध्येच दिलेले आहेत: संरक्षण अधिकाऱ्याकडे सहीनिशी लेखी, थेट पोलिसांकडे, किंवा थेट न्यायदंडाधिकाऱ्यांकडे. धोका समोर उभा असेल तर 112 वर फोन करावा. महिला हेल्पलाइन 181 आहे. आपल्या तालुक्याचे संरक्षण अधिकारी कोण आहेत हे महिला आणि बाल विकास संचालनालयातून कळते. पोलीस स्थानकात केवळ डायरीत नोंद करून परत पाठवण्याचा प्रयत्न झाला, तर हा दखलपात्र गुन्हा असल्याचे सांगून प्रथम माहिती अहवालाचा आग्रह धरावा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी कार्यपद्धतीच्या कायद्याच्या) कलम 173 प्रमाणे घटना कोणत्याही हद्दीत घडली तरी ही माहिती घ्यावी लागते, म्हणजे म्हापशाच्या बसस्थानकावर घडलेला प्रसंग पेडण्यातही नोंदवता येतो. जबानी वाचून दाखवली गेल्याशिवाय तिच्यावर सही करू नये, आणि अहवालाची विनामूल्य प्रत घेतल्याशिवाय बाहेर पडू नये. नोंद नाकारल्यास पोलीस अधीक्षकांना लेखी कळवावे आणि त्यानंतर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जावे.

अटकेबाबत गैरसमज फार आहेत. गुन्हा अजामीनपात्र आहे म्हणून अटक होईलच असे नाही, कारण सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यांत अटकेची आवश्यकता पोलिसांनी लेखी कारणांसह दाखवावी लागते. सर्वोच्च न्यायालयाने 2014 च्या अर्नेश कुमार निकालात हेच बजावले. पण आरोपीने आणखी गुन्हा करू नये, हे त्या कारणांपैकीच एक आहे. पूर्वीच्या अहवालांच्या प्रती तक्रारीला जोडल्या तर हे कारण कागदावरच उभे राहते. जामीन देताना न्यायालय संपर्कबंदी, घरापासून दूर राहणे, दारूबंदी, शस्त्रबंदी अशा अटी घालू शकते, आणि त्या मोडल्यास जामीन रद्द करण्याचा अर्ज करता येतो. वारंवार आदेश मोडणाऱ्यावर सर्वात लवकर परिणाम याच अर्जाचा होतो, कारण त्यासाठी खटला संपेपर्यंत थांबावे लागत नाही.

शिक्षेच्या टप्प्यावर सरकारी वकिलांशी आधीच बोलून घ्यावे. नियमांनुसार भंगाचा खटला संक्षिप्त, म्हणजे थोडक्यात उरकण्याच्या, पद्धतीने चालवता येतो. तो लवकर संपतो खरा, पण त्या पद्धतीत तीन महिन्यांपेक्षा जास्त कैद देता येत नाही. भंग तिसरा किंवा चौथा असेल, तर खटला नियमित पद्धतीने चालवावा अशी लेखी विनंती करणे शहाणपणाचे आहे. एका वर्षातील एकाच प्रकारचे पाचपर्यंत गुन्हे एकत्र चालवण्याची सोय सुरक्षा संहितेच्या कलम 242 मध्ये आहे, आणि अनेक गुन्ह्यांत दोषी ठरल्यास शिक्षा एकामागून एक भोगायला लावण्याचा अधिकार न्यायालयाला आहे. प्रत्येक प्रसंगाचा स्वतंत्र अहवाल नसेल तर यातले काहीच मागता येत नाही. त्याच घटनेत क्रूरतेचा गुन्हा (भारतीय न्याय संहितेचे कलम 85, तीन वर्षांपर्यंत कैद) बसत असेल तर तोही लावून घ्यावा. पाठलागाच्या कलम 78 मध्ये मात्र वाढीव पायरी स्पष्ट आहे: पहिल्यांदा तीन वर्षांपर्यंत, पुढच्या दोषसिद्धीला पाच वर्षांपर्यंत कैद. शाळेबाहेर, बसथांब्यावर, कामाच्या ठिकाणी पुन्हा पुन्हा गाठणाऱ्याच्या बाबतीत या कलमाची आठवण पोलिसांना जरूर करून द्यावी.

फोनवरील पुराव्यासाठी संदेश पुसू नयेत आणि मूळ फोन बदलू नये. स्क्रीनशॉट न्यायालयात देताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खालील प्रमाणपत्र लागते. ते वकील तयार करून देतात. मार लागला असेल तर त्याच दिवशी सरकारी इस्पितळात तपासणी करून कागद घ्यावा.

दुसऱ्या भंगानंतर मूळ आदेशही घट्ट करून घ्यावा. परिस्थिती बदलल्यास आदेशात बदल करण्याचा अर्ज 2005 च्या अधिनियमाच्या कलम 25 खाली करता येतो. "त्रास देऊ नये" अशा मोघम वाक्याच्या जागी शाळेचे नाव, किती मीटर अंतर, कोणत्या व्यक्तींमार्फत संपर्क नको, हे लिहून घ्यावे, आणि निवासाच्या आदेशात जामीनदारांसह मुचलका (आदेश मोडल्यास पैसे भरण्याचे हमीपत्र) मागावा. जामीनदार बहुधा प्रतिवादीचेच भाऊ किंवा मित्र असतात, आणि आपले पैसे जाण्याच्या भीतीने तेच त्याला आवरतात. कायद्याच्या पुस्तकात नसलेला हा उपयोग कमी लेखू नये.

वकिलाची फी परवडत नसेल, आणि परवडत असली तरीही, महिलेला विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 प्रमाणे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. त्यासाठी 15100 वर किंवा उत्तर अथवा दक्षिण गोवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा.

दोन मुदती विसरू नयेत. कमाल एक वर्ष शिक्षा असलेल्या गुन्ह्याची दखल न्यायालयाने घेण्याची मुदत सर्वसाधारणपणे एक वर्ष असते, त्यामुळे दोन वर्षांपूर्वी सोडून दिलेला भंग आज पुढे आणणे कठीण जाते. आणि प्रतिवादीला मूळ आदेशाविरुद्ध सत्र न्यायालयात अपील करण्यासाठी तीस दिवस असतात. "मी अपील केले आहे" असे सांगून तो दारात आला, तर स्थगिती आदेशाची प्रत मागावी. नुसत्या अपिलाने आदेश थांबत नाही, आणि स्थगिती नसताना केलेला प्रवेश हा नोंदवण्याजोगा आणखी एक भंग असतो.