मदरबोर्ड बदलला अन् पीसी सुरूच होईना? बोर्डाला शिव्या द्यायच्या आधी हे करून पाहा

मागच्या पावसाळ्यात आमच्या ऑनलाइन फॉर्म भरायच्या सेंटरवरचा पीसी विजेनं गेला. यवतमाळ जिल्ह्यातलं खेडं, पीक विम्याचे फॉर्म सुरू, ओट्यावर पंधरा-वीस माणसं सातबारा हातात घेऊन बसलेली अन् इकडे सीपीयू ठार. बोर्ड उडाला हे कळलं होतं, म्हणून नागपूरला बर्डीवर एक ओळखीचा पोरगा आहे त्याच्याकडून सेकंडहँड एच ६१ (इंटेलच्या एका चिपसेटचं नाव) बोर्ड मागवला, ट्रॅव्हल्सच्या डिक्कीतून आला, रात्री बसून लावला, बटन दाबलं. पंखा एकदा थरथरला अन् गप. मागून काका म्हणे, "तुले म्हटलं होतं ना, मेकॅनिकले दे." मी रात्री साडेअकराला त्या पोराला फोन लावून नाही नाही ते बोललो. अन् बोर्ड चांगला निघाला भाऊ. चूक माझीच होती, ती पुढे सांगतो.

म्हणून बोर्डावर संशय सगळ्यात शेवटी घ्यायचा. बोर्ड बदलताना आपण एवढ्या वायरा काढतो अन् लावतो, एखादी राहतेच.

आधी बटन दाबल्यावर नेमकं काय होते ते नीट पाहा. काहीच हलत नाही, पंखा झटका मारून थांबते, की पंखे मस्त फिरतात पण स्क्रीन काळी, हे तीन वेगळे रोग आहेत अन् तिघांची दवाई वेगळी.

काहीच हलत नसेल तर पहिले एसएमपीएसच्या (पीसीला वीज देणाऱ्या पत्र्याच्या डब्याच्या) मागचं छोटं स्विच पाहा, हसू नका, मी स्वतः अर्धा तास घालवला आहे त्यात. मग एक्स्टेंशन बोर्डात दुसरं काहीतरी लावून लाइट येते का पाहा. मग समोरच्या बटनाच्या बारीक वायरा. बहुतेक बोर्डांवर पाच-पाच पिनांच्या दोन ओळी असतात, त्यात एका टोकाची पिन गायब असते, अन् त्या गायब पिनच्याच ओळीत तिच्या शेजारच्या ज्या दोन पिना त्या पॉवर स्विचच्या. काही कंपन्या वेगळं ठेवतात, म्हणून बोर्डावर बारीक अक्षरात छापलेलं मोबाइलनं फोटो काढून मोठं करून वाचा. स्विचच्या वायरीला उलटसुलट नसते, लाइटच्या वायरीला असते. बटनावरच शंका असेल तर ती वायर काढा अन् त्या दोन पिनांना स्क्रू ड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवा. सुरू झाला तर कॅबिनेटचं बटन खराब, बोर्ड नाही.

तरी मेलेलाच असेल तर एसएमपीएस तपासा. प्लग काढा, बोर्डाकडे जाणाऱ्या सगळ्या वायरा सोडवा, २४ पिनच्या मोठ्या कनेक्टरमध्ये हिरवी वायर एकच असते, ती अन् शेजारची काळी यू पिननं जोडा, एखादा जुना पंखा किंवा सीडी ड्राइव्ह लोडसाठी लावा, मगच प्लग लावा. एसएमपीएसचा पंखा फिरला म्हणजे तो जिवंत आहे एवढंच, ठणठणीत आहे असं नाही. मल्टिमीटर असेल तर काळ्या वायरीच्या हिशोबानं पिवळीवर १२, लालवर ५, नारिंगीवर ३.३ व्होल्ट आले पाहिजेत, १२ च्या जागी ११.४ च्या खाली गेलं की तो बदलाच. जांभळ्या वायरीवर तर नुसता प्लग लावला की ५ व्होल्ट दिसायला पाहिजेत. एसएमपीएसचा डबा मात्र खोलू नका, आतल्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही करंट राहते.

आता माझा रोग, झटका मारून थांबणारा. हा बहुतेक वेळा शॉर्टचा असते. बोर्डाखाली कॅबिनेटच्या पत्र्यावर पितळेचे छोटे खुंट असतात, त्यावर बोर्ड टेकतो अन् वरून स्क्रू बसतो. जुना बोर्ड रुंद होता, हा एच ६१ अरुंद, त्याला भोकं कमी. म्हणजे एक खुंट असा राहिला की ज्याच्यावर भोकच नाही, तो सरळ बोर्डाच्या पाठीला, सोल्डरच्या टोकांना टेकून राहिला होता. मी बोर्ड उचलला तर मागं पितळेचा बारीक चकचकीत ओरखडा. खुंट पक्कडनं फिरवून काढला, बोर्ड परत बसवला अन् पहिल्याच दाबात पीसी चालू. नशीब की काही जळलं नाही. सकाळी त्या पोराला फोन केला तर तो म्हणे, "दादा, रोज दोघं-तिघं शिव्या देतेत, सवय आहे."

तेव्हापासून मी बोर्ड आधी कॅबिनेटमध्ये टाकतच नाही. बोर्डाच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर ठेवतो, प्रोसेसर, त्याचा पंखा, एकच रॅम, एसएमपीएस अन् मॉनिटर, बस एवढंच. हार्डडिस्क नको, पेनड्राइव्ह नको, समोरचे यूएसबी तर बिलकुल नको. बाहेर चालला अन् आत बंद पडला तर रोग कॅबिनेटमध्ये आहे हे पाच मिनिटांत कळते. बोर्डाला हात लावण्याआधी लोखंडी खिडकीला हात लावून अंगातली स्टॅटिक वीज उतरवून घ्या, हिवाळ्यात तर नक्कीच.

पंखे फिरतात पण डिस्प्ले नाही, ही तक्रार सगळ्यात जास्त. यात पहिले प्रोसेसरजवळचा ४ किंवा ८ पिनचा वेगळा कनेक्टर पाहा. २४ पिनचा सगळ्यांना दिसतो, हा कोपऱ्यात असल्यानं विसरला जातो, अन् हा नसला की पंखे फिरतात पण प्रोसेसर उपाशी. मग रॅम काढा, सोनेरी पट्टीवर खोडरबर फिरवा, कापडानं पुसा, दोन्हीकडून दाबून खट् असा आवाज येईपर्यंत बसवा. आमच्याकडे कापसाच्या दिवसात रुईची तूस स्लॉटमध्ये जाऊन बसते, ती ब्रशनं काढा. डीडीआर ३ ची रॅम डीडीआर ४ च्या स्लॉटमध्ये बसतच नाही, खाच वेगळ्या जागी असते, बसत नसेल तर जोर लावू नका. चार स्लॉट असले अन् रॅम एकच असली तर साधारण प्रोसेसरपासून दुसऱ्या स्लॉटमध्ये टाकतात.

मग प्रोसेसरची पिढी. एच ६१ मध्ये दुसऱ्या पिढीचा आय ३ चालते, पण तिसऱ्या पिढीचा टाकायचा तर बायोस (पीसी सुरू करणारा बोर्डातलाच प्रोग्राम) नवीन लागते, जुन्या बायोसवर स्क्रीन काळीच राहते. एच ११० अन् एच ३१० या बोर्डांचं सॉकेट (प्रोसेसर बसायची जागा) सारखंच ११५१ दिसते, तरी आठव्या पिढीचा प्रोसेसर एच ११० वर चालत नाही, सॉकेट जुळलं म्हणून घेऊन फसलेले लय आहेत. नावाच्या शेवटी एफ असलेल्या इंटेल प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसते, त्याला कार्ड लागतेच. अन् कार्ड असेल तर केबल कार्डाला लावा, बोर्डाला नाही.

एवढ्यावर नाही आला तर प्लग काढून बोर्डावरचा सीआर २०३२ हा चपटा गोल सेल पाच-दहा मिनिटं बाहेर ठेवा म्हणजे बायोस रिसेट होते. सेकंडहँड बोर्डाचा सेल तसाही मेलेलाच असते, नवीनच टाका. शेवटी प्रोसेसर उचलून सॉकेटमध्ये मोबाइलचा टॉर्च तिरपा मारा, सगळ्या पिना एका रेषेत चमकल्या पाहिजेत, एखादी वाकडी असेल तर तिथं चमक तुटते. परत लावताना प्रोसेसर अन् त्याच्या पंख्यामधली थर्मल पेस्ट नवीन. हे सगळं करून काळीच असेल तर मग बोर्ड परत पाठवा, आता भांडायला हरकत नाही.

डिस्प्ले आला पण विंडोज निळ्या स्क्रीनवर अडकलं तर बायोसमध्ये साटा मोड (हार्डडिस्कची सेटिंग) पाहा, जुन्या बोर्डावर एएचसीआय असेल तर तेच ठेवा, अन् जुनं विंडोज लेगसी या जुन्या बूट पद्धतीत टाकलेलं असेल तर यूईएफआय या नव्या पद्धतीवर ते दिसणारच नाही. इंटरनेट नाही आलं तर मोबाइल यूएसबीनं जोडून टेदरिंग करा अन् लॅनचा ड्रायव्हर उतरवा. विंडोज परत अ‍ॅक्टिव्हेशन मागेल, बोर्ड बदलला की ते मागतेच.

अन् कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर वायरमनला बोलावून अर्थिंग पाहून घ्या. आमचा अर्थिंगचा खड्डा कोरडा पडला होता, आता एप्रिल-मेमध्ये दर आठ दिवसांनी दोन बादल्या पाणी टाकतो, अन् ढग गडगडले की प्लगच काढून ठेवतो, लॅनच्या वायरीसकट.