पेशंट अ‍ॅडमिट असताना अँटिबायोटिकच्या बाबतीत या चुका टाळा

मी हॉस्पिटलच्या मायक्रोबायोलॉजी लॅबमध्ये काम करते. रिपोर्ट हातात घेऊन नातेवाईक खिडकीशी येतात आणि विचारतात, "मॅडम, यांच्या बॉडीवर आता कुठलंच औषध चालत नाही का?" तर आधी हे सांगते : रेझिस्टंट होतो तो जंतू, पेशंट नव्हे. औषधाला दाद देत नाही तो क्लेबसिएला किंवा अ‍ॅसिनेटोबॅक्टर.

सगळ्यात महागात पडणारी चूक बहुतेकदा घरीच झालेली असते. ताप आला, केमिस्टकडून अ‍ॅझिथ्रोमायसिनच्या तीन गोळ्या आणल्या, ताप हटला नाही म्हणून अ‍ॅडमिट केलं. डॉक्टरांनी विचारलं तर उत्तर, "काही नाही, फक्त पॅरासिटामॉल." इकडे कल्चरसाठी, म्हणजे जंतू वाढतो का ते पाहायला, रक्ताच्या बाटल्या पाच दिवस मशीनमध्ये राहतात आणि रिपोर्ट जातो, 'नो ग्रोथ'. जंतू नव्हताच असं नाही. त्या गोळ्यांनी दबला आणि बाटलीत वाढलाच नाही, असंही असू शकतं. मग डॉक्टरांना अंदाजाने मोठं औषध चालू ठेवावं लागतं. रिकामी स्ट्रिप सोबत आणा. रागवायला कोणी बसलेलं नाही, औषधाचं नाव हवं असतं.

"दोन्ही हातांतून रक्त कशाला काढता?" यावरून वॉर्डात वाद होतात. कातडीवरचा साधा जंतू सुईबरोबर एका बाटलीत शिरला तर तो खरा की उपरा, हे दुसऱ्या हाताच्या रक्तावरून कळतं. अडवू नका. नाहीतर त्या उपऱ्यासाठीही अँटिबायोटिक चालू होतं.

दुसरी चूक रिपोर्ट वाचण्याची. औषधांपुढे एस (औषध चालतं), आय (मधलं), आर (चालत नाही) असतं आणि शेजारी आकडे, म्हणजे जंतूची वाढ थांबवायला लागणारं औषधाचं कमीत कमी प्रमाण. लोक सर्वांत लहान आकडा शोधतात आणि "हेच भारी, हेच द्या" म्हणून सिस्टरच्या मागे लागतात. प्रत्येक औषधाची मर्यादा वेगळी असते. क्लेबसिएलाच्या रिपोर्टमध्ये सिप्रोफ्लॉक्सासिनपुढे 1 असेल तर ते आर, आणि अ‍ॅमिकासिनपुढे 4 असूनही एस. आकड्यांची आपसात तुलना होत नाही. आणि साध्या औषधापुढे एस असताना "हायर द्या" म्हणणं म्हणजे मेरोपेनेम, कोलिस्टिन ही राखीव औषधं उगाच खर्ची घालणं.

युरीन बॅगेचं तर विचारूच नका. एक्स-रेला नेताना बॅग उचलून सरळ पेशंटच्या पोटावर! लघवी उलटी मूत्राशयात जाते, जंतू सोबत. बॅग कायम मूत्राशयाच्या खाली हवी, पण जमिनीला टेकलेली नको. कल्चरचं सँपल बॅगेतून कधीच घ्यायचं नाही. तासन्‌तास साठलेल्या लघवीत काय वाटेल ते वाढतं. ताप नाही, त्रास नाही, फक्त कॅथेटरच्या (लघवीच्या नळीच्या) लघवीत जंतू सापडले, तर बहुतेकदा औषध लागतही नाही. गरोदर बाई किंवा लघवीच्या मार्गाचं ऑपरेशन व्हायचं असेल तर गोष्ट वेगळी.

हात धुण्याबद्दल सगळ्यांना माहीत आहे, तरी शेजारच्या कॉटवरच्या आजोबांची उशी सरळ करून लोक तसेच आपल्या पेशंटकडे येतात. मधे हँडरब, वीस ते तीस सेकंद, इतकंच.

हॉस्पिटल बदलताना जुना कल्चर रिपोर्ट फाइलमध्ये वरच ठेवा. असे रेझिस्टंट जंतू आतड्यात महिनोन्‌महिने गुपचूप राहतात. एनडीएम-1 हे जंतूला मेरोपेनेमसारख्या औषधांपासून वाचवणारं एन्झाइम 2008 मध्ये सापडलं तेही दिल्लीत उपचार घेऊन स्वीडनला परतलेल्या एका पेशंटच्या लघवीतल्या क्लेबसिएलात. नव्या हॉस्पिटलला आधीच कळलं तर वेगळी खोली आणि योग्य औषध पहिल्याच दिवशी मिळू शकतं. डिस्चार्ज कार्डावर जंतूचं नाव लिहिलेलं नसेल तर तिथल्या तिथे लिहून मागा.